दहा ते दोनच्या उन्हात उघडणारे दार
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात मी मालदीवच्या प्रवाळद्वीपांमधून शिडाच्या नौकेने केलेल्या प्रवासावर लेख लिहिला होता. पोवळ्यांच्या खडकाची बांगडी, तिच्यावर कुठे कुठे नारळीची झाडे असलेले वाळूचे तुकडे आणि आत लगून, म्हणजे बांगडीने वेढलेले शांत, उथळ पाणी, अशा रचनेच्या बेटांना मराठीत कंकणद्वीप म्हणतात. त्या लेखावर आलेली निम्म्याहून अधिक पत्रे खानदेशातील आहेत. याचे मला फारसे नवल वाटले नाही. माझे बालपण पारोळ्यात गेले, आणि वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे श्रावणातली दुथडी भरलेली तापी होती. ज्याच्या दाराशी समुद्र नसतो त्याला समुद्राविषयी विचारायचे पुष्कळ असते. व्यापारी जहाजावरील नोकरी संपल्यानंतर मी मित्रांच्या नौकांवर मदतनीस म्हणून शिडाचे काम शिकलो, त्यामुळे खालील उत्तरे उशिरा शिकलेल्या माणसाची आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न: चहूकडे समुद्र हजारो मीटर खोल असताना मध्येच ही बांगडी उभी राहते कशी? मुलांना वर्गात सांगता येईल असे उत्तर हवे आहे. (एक शिक्षिका, धुळे)

उत्तर: खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांना ऊन लागते, म्हणून हे प्रवाळ उथळ व उबदार पाण्यातच वाढतात. मग खोल समुद्रात त्यांना पाया कोणी दिला, या कोड्याचे उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडले. ज्वालामुखीच्या बेटाभोवती किनाऱ्यालगत प्रवाळांचा कठडा तयार होतो. पुढे लाखो वर्षे ते बेट आपल्याच भाराने खचत जाते, पण कठडा उन्हासाठी वर वर चढत राहतो. शेवटी डोंगर बुडतो आणि कठड्याची बांगडी तेवढी शिल्लक राहते. हे पडताळून पाहण्यासाठी १८९६ ते १८९८ या काळात पॅसिफिकमधील फुनाफुटी बेटावर सुमारे ३४० मीटर खोल छिद्र पाडण्यात आले, तरी चुनखडकाचा तळ लागला नाही. १९५२ साली पॅसिफिकमधल्याच एनेवेटाक बेटावर १,२०० मीटरहून अधिक चुनखडक भेदल्यावर गिरमिटाला अखेर काळा बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक, लागला. डार्विनचे म्हणणे खरे ठरायला एकशे दहा वर्षे लागली.

धुळ्याच्या वर्गात हे शिकवताना दूर पॅसिफिकपर्यंत जाण्याची गरज नाही. मुलांना लळिंगच्या डोंगराकडे बोट करून दाखवावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त उगमावरून लाव्हा वर येऊन आपल्या दख्खनचे काळे थर साचले, त्याच उगमावरून भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, तेव्हा मागे समुद्रतळावर लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांना आधार देणारी ज्वालामुखींची रांग तयार होत गेली. तो उगम आज रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे. म्हणजे धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून भिंतीसारख्या उभ्या गेलेल्या काळ्या खडकांच्या रांगा आणि लक्षद्वीपमधील मिनिकॉयच्या पोवळ्यांखाली दडलेला डोंगर ही एकाच चुलीवरची भाकरी आहे. इंग्रजीतील ‘अटॉल’ हा शब्दही आपल्या शेजारचाच आहे. तो मालदीवच्या धिवेही भाषेतील ‘अतोळु’ या शब्दावरून आला.

नौका हाकणाऱ्यासाठी या रचनेचा अर्थ वेगळा आहे. बुडालेल्या डोंगराच्या कड्यावर ही बांगडी बसलेली असल्यामुळे तिची बाहेरची बाजू विहिरीच्या भिंतीसारखी उतरते. खोली मोजणारे यंत्र शेकडो मीटर दाखवत असते, किंवा तळच न लागल्यामुळे काहीच दाखवत नाही, आणि नौकेच्या काही लांबींवर लाट फुटत असते. कोकणच्या किनाऱ्याकडे येताना तळ हळूहळू वर येतो आणि आपल्याला सावध करतो. इथे तशी सूचना मिळत नाही, आणि बाहेर थांबून नांगर टाकावा म्हटले तर साखळी पुरत नाही.

प्रश्न: आता मोबाइलमध्येसुद्धा जीपीएस असते. नौका कुठे आहे हे काही मीटरपर्यंत कळत असताना तुम्ही लेखात ‘उजेड पाहून पोहोचावे लागते’ असे का लिहिले? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर: नौका कुठे आहे हे यंत्र अचूक सांगते, खडक कुठे आहे हे नकाशाला तितके अचूक माहीत असेलच असे नाही, आणि अपघात या दोहोंच्या फरकात होतात. मालदीवची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी रॉबर्ट मोर्सबी याने १८३४ ते १८३६ या काळात केली. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या, मुंबईला तळ असलेल्या आरमारातील अधिकारी होता. शिडाच्या जहाजातून, दोरीला बांधलेले शिसे हाताने सोडून खोली मोजत केलेले ते काम इतके चोख होते की त्यावर आधारलेले नकाशे विसाव्या शतकातही वापरात राहिले. पण त्या काळी रेखांश काढण्याची साधने आजच्यासारखी नव्हती, म्हणून जुन्या मोजणीवरचा नकाशा आणि उपग्रहाने दिलेली जागा यांत कधी कधी काही शे मीटरचा फरक पडतो. खुल्या समुद्रात तो फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. साठ मीटर रुंदीच्या मुखातून, म्हणजे बांगडीतल्या दारातून, आत शिरताना मात्र त्या फरकाची किंमत नौकेने चुकवावी लागते.

यंत्र अचूक असूनही माणूस फसतो, याचे उदाहरण २९ नोव्हेंबर २०१४ रोजी घडले. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील ‘वेस्टास विंड’ ही नौका मॉरिशसच्या ईशान्येस असलेल्या कार्गाडोस काराहोस या प्रवाळभिंतीवर रात्रीच्या अंधारात पूर्ण वेगाने आदळली. नौकेवर उत्तमोत्तम उपकरणे होती आणि चालवणारे कसलेले खलाशी होते. पडद्यावरचा नकाशा दूरचा मुलूख एकत्र दिसावा अशा प्रमाणावर ठेवलेला होता आणि त्या प्रमाणावर भिंतीचा धोका ठळक दिसत नव्हता. नकाशा जवळ ओढला असता तर तो दिसला असता. नऊही जण वाचले हे त्यांचे नशीब.

आता उंचीचा विचार करा. या बेटांची जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असते, म्हणून दुरून दिसतात त्या नारळीच्या शेंड्यांच्या ओळी, तेही स्वच्छ हवेत आठ ते दहा सागरी मैलांवरून. सहा नॉटच्या वेगाने, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांनी (सुमारे ११ किलोमीटरने), नौका चालली असेल तर बेट दिसल्यापासून त्यावर आदळेपर्यंत दीड तासाहून थोडाच अधिक वेळ असतो. रात्री तेवढाही नाही. पॅसिफिकमधील तुआमोतू बेटांमधून १७६८ साली जाताना फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल याने त्या समूहाला ‘धोक्याचा द्वीपसमूह’ असे नाव दिले, ते उगाच नव्हे. मार्शल बेटांतील नावाडी ही बेटे फार पूर्वीपासून दिसण्याआधीच ओळखत असत. बेटाला आपटून वळणाऱ्या लाटांचे आकार ते नारळीच्या झावळीच्या शिरा एकमेकींना बांधून शिकवत आणि बेटाच्या जागी कवडी लावत. तो काड्यांचा नकाशा घरी अभ्यासायचा असे. समुद्रावर लाट अंगाला जाणवली पाहिजे. माझ्या अंगाला ती अजून जाणवत नाही, म्हणून मी वेळेचा हिशेब करतो.

तो हिशेब असा. समजा दोन बेटांमधील अंतर ११० सागरी मैल आहे आणि नौका पाच नॉटने जाईल असा अंदाज आहे, म्हणजे बावीस तास. उद्या सकाळी अकराला दाराशी पोहोचायचे तर आज दुपारी एकला निघावे लागेल. वारा चांगला मिळून नौका साडेसहा नॉटने धावली तर आपण पहाटे सहाच्या सुमारास पोहोचू, तेव्हा वाटेतच शिडे कमी करून वेग उतरवायचा. वारा पडून वेग चार नॉटवर आला तर पोहोचायला दुपारचे साडेचार होतील आणि तोवर ऊन कललेले असेल. अशा वेळी आत शिरायचे नाही, रात्र बाहेर काढायची. हा शेवटचा नियम कागदावर सोपा दिसतो.

आम्ही तिघे एकदा असेच पाच वाजता मालदीवच्या एका कंकणद्वीपापाशी पोहोचलो. मुख समोर होते, आतल्या नांगरवाड्यात एका नौकेची डोलकाठी दिसत होती आणि तिथे कोणीतरी चहा करत असेल या विचाराने माझा जीव कासावीस झाला होता. पण सूर्य नेमका समोर, मुखाच्या वर आला होता आणि पाण्यावर वितळलेल्या पितळेसारखी एकच चकाकी पसरलेली होती. खाली खडक आहे की वाळू, काही म्हणता काही दिसेना. आम्ही वळलो. शिडे व सुकाणू एकमेकांच्या विरुद्ध बांधून नौका जवळजवळ जागीच तरंगत ठेवली आणि पाळीपाळीने जागत बसलो. रात्रभर डाव्या बाजूने भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज येत होता, दूरच्या पुलावरून मालगाडी जात राहावी तसा. मग तो कमी कमी होत गेला आणि आम्हाला बरे वाटले. वास्तविक घाबरायला हवे होते. उजाडल्यावर पाहिले तर प्रवाहाने आम्हाला चौदा मैल वाहून नेले होते. त्या दिशेला दुसरे बेट नव्हते, एवढेच.

प्रश्न: दार ओळखायचे कसे आणि आत शिरल्यावर पाण्याखालचा खडक दिसतो कसा? आमच्याकडे तापीच्या डोहात हातभर खालचे दिसत नाही. (केळी उत्पादक शेतकरी, चोपडा)

उत्तर: तुम्ही केळीच्या पानाचा रंग बांधावरून पाहून पाणी कमी पडले की अन्नद्रव्य कमी पडले ते सांगता, इथेही रंगच वाचायचा असतो. गाळ नसलेल्या या पाण्यात गडद निळा म्हणजे खोल, फिका निळा-हिरवा म्हणजे वाळूचा तळ आणि पाणी बेताचे, पांढरट म्हणजे नौका टेकेल इतके उथळ, आणि तपकिरी किंवा पिवळसर डाग म्हणजे पृष्ठभागाजवळ आलेला प्रवाळ. लगूनमध्ये पंचवीस-तीस मीटर खोलीतून खांबासारखे प्रवाळ उठून पाण्याच्या हातभर खाली थांबलेले असतात. एवढ्या निमुळत्या खांबाची खूण बहुतेक नकाशांवर नसते. हे रंग दिसायला सूर्य उंच आणि पाठीशी हवा, म्हणून सकाळी दहा ते दुपारी दोन-तीन ही कामाची वेळ. त्यातही मुखाचे तोंड पाहावे लागते: मुख पश्चिमेला असेल तर आत शिरताना आपण पूर्वेकडे जातो, सकाळचे ऊन डोळ्यांत येते, म्हणून तिथे माध्यान्हीनंतर शिरलेले बरे. चकाकी कापणारा, ध्रुवित काचांचा चष्मा चैनीचा वाटतो, परंतु तो नसेल तर मी आत शिरणार नाही. एक जण डोलकाठीवर उंच चढून हाताने खुणा करतो, दुसरा सुकाणूवर राहून फक्त त्या हाताकडे पाहतो. सर्वांत त्रास ढगांच्या सावल्यांचा होतो. त्या हुबेहूब खडकासारख्या दिसतात. सरकली तर सावली, तिथेच राहिली तर खडक, एवढे कळायला अर्धे मिनिट लागते आणि तेवढ्या वेळासाठी नौका थांबवता आली पाहिजे. म्हणून आत शिडे उतरवून इंजिनवर, चालण्याच्या वेगाने जायचे.

मुखाची अडचण प्रवाहाची आहे. बांगडीच्या वाऱ्याकडच्या बाजूने लाटा भिंतीवरून सतत आत पाणी टाकत असतात आणि ते सारे पाणी मुखातून बाहेर पडते. त्यामुळे मोठी लाट आलेल्या दिवसांत भरतीच्या वेळीही काही मुखांतून पाणी बाहेरच वाहत राहते. तुआमोतूमधील रांगिरोआचे लगून सुमारे पाऊणशे किलोमीटर लांब आहे आणि त्याची जहाजे जाण्याजोगी मुखे दोनच, टिपुटा आणि अवातोरू. पाण्याचा एवढा पसारा दोन तोंडांतून ये-जा करतो, तेव्हा शिडाच्या नौकेचे इंजिन ज्याच्यापुढे हरेल असा प्रवाह तिथे सुटतो, आणि बाहेरून येणारा वारा त्याच्या विरुद्ध असला की मुखातच उभ्या, तुटक लाटा उठतात. पाणी स्थिर होण्याची वेळ साधून शिरणे हाच उपाय. ती वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून काढायची, परंतु खरी मानायची ती मुखापाशी जाऊन, दुर्बिणीतून पाण्याचा चेहरा पाहिल्यानंतर.

नांगर वाळूच्या तुकड्यावर टाकावा. साखळी खोलीच्या पाचपट सोडली की ती वाऱ्याबरोबर फिरताना आसपासचे प्रवाळ चिरडते आणि स्वतःही खडकात अडकते. म्हणून साखळीला ठरावीक अंतरावर लहान फुगे बांधून ती तळापासून उचलून धरतात. मोत्यांच्या शेतीतून वाहून आलेले काळे प्लास्टिकचे फुगे किनाऱ्यावर फुकट सापडतात आणि या कामाला उत्तम चालतात.

प्रश्न: आमच्या आजीने लेख वाचून घेतला आणि एकच विचारले, “तठे पेवाले पानी शे का?” (शिरपूर)

उत्तर: आजींना नमस्कार सांगावा. लेखात हे राहून गेले, ही माझी चूक आहे.

पाणी आहे, पण ते ओंजळीत धरावे तितके जपावे लागते. बेटावर पडलेले पावसाचे पाणी सच्छिद्र चुनखडकात मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. बेटाच्या मध्यभागी जाड, कडेला पातळ असा भिंगासारखा गोड्या पाण्याचा थर तयार होतो. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून जितकी वर, त्याच्या चाळीसपट थर खाली असतो. याचाच उलट अर्थ, विहिरीतून फार उपसा करून पातळी वीतभर उतरवली तर खालून खारे पाणी चाळीस विती वर चढू पाहते. शिरपूर भागात नाले खोल करून पाणी जिरवण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना उपसा आणि पुनर्भरण यांचा हा मेळ वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे विहीर आटते आणि तिथे ती खारट होते. लक्षद्वीपमध्ये म्हणूनच २००५ साली कवरत्तीला समुद्राच्या खोल, थंड पाण्याचा उपयोग करून दररोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला.

नौकेवरचा माणूस बेटाच्या विहिरीवर भार टाकत नाही, निदान टाकू नये. डेकवर ताडपत्री ताणून मधोमध नळी लावायची आणि सर येण्याची वाट पाहायची. पहिली दहा मिनिटे ताडपत्रीवरचे मीठ धुऊन जाऊ द्यायचे, चाखून पाहायचे आणि मगच नळी टाकीत सोडायची. खारे पाणी गाळणारी छोटी यंत्रेही मिळतात. ती नेमकी मुक्कामापासून सर्वांत दूर असताना बंद पडतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: खलाशी नौकेवर केळी नेत नाहीत असे ऐकले. हा आमच्यावर अन्याय आहे. (रावेर)

उत्तर: समज जुना आहे आणि अनेक कोळी तो आजही पाळतात. त्यात तथ्य एवढेच की पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात आणि बंद खोलीत शेजारची फळेभाज्याही लवकर पिकवून सडवतात. कच्चा घड नौकेच्या मागच्या बाजूला, उघड्यावर टांगला तर काही बिघडत नाही. तक्रार असेल तर ती एवढीच की सगळी केळी एकाच दिवशी पिकतात. आपल्याकडची वाळवणे या प्रवासाला सर्वांत उपयोगी ठरली. नागलीचे पापड, कुरडया आणि कळण्याचे पीठ यांवर आम्ही तीन आठवडे काढले.

या निमित्ताने एक इशारा. प्रवाळखडकांवरचे मोठे मासे, विशेषतः बॅराकुडा आणि मोठे गोब्रे, ताजे असूनही विषारी असू शकतात. तळाच्या शैवालावर राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचे विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते, आणि ते शिजवून, तळून किंवा गोठवून नाहीसे होत नाही. स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय लगूनमधला मासा खाऊ नये. बाहेरच्या खोल पाण्यातला कुपा या बाबतीत निर्धोक समजला जातो.

प्रश्न: मी बारावीत आहे. मला हे शिकायचे आहे. घरचे म्हणतात, नंदुरबारच्या मुलीला समुद्राशी काय करायचे? आणि लक्षद्वीपला स्वतःची नौका नेता येते का? (नंदुरबार)

उत्तर: घरच्यांना असे सांगावे की २०१७-१८ मध्ये भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच ती पुन्हा केली. त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’मधून एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली, तसे करणारे ते पहिले भारतीय होत. दोन्ही नौका गोव्यात बांधलेल्या आहेत. शिकण्यासाठी समुद्रच हवा असे नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या नौकांचे प्रशिक्षण चालते आणि खानदेशातून भुसावळ-इटारसी मार्गाने तिथे जाणे मुंबईइतकेच सोयीचे आहे.

लक्षद्वीपला जायला, मग ते विमानाने असो वा नौकेने, १९६७ च्या नियमांनुसार प्रवेशपरवाना लागतो आणि सर्व बेटे सर्वांना खुली नसतात. तेथून पोवळ्याचा तुकडाही आणू नये. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे संरक्षण वाघाच्या बरोबरीचे. जून ते सप्टेंबर या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात लहान नौकेने त्या बाजूला फिरकू नये, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येही हवामानाच्या इशाऱ्यांकडे कान ठेवावा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी चक्रीवादळाने लक्षद्वीपला चांगलेच झोडपले होते.

आज घरबसल्या करता येईल असे एक काम सांगतो. वाळत घालण्याच्या दोरीचा दीड मीटर तुकडा घ्यावा आणि बोलाइन नावाची गाठ शिकावी: दोरीला एक लहान फास करायचा, तिचे मोकळे टोक खालून त्या फासातून वर काढायचे, लांब दोरीच्या मागून फिरवायचे आणि पुन्हा त्याच फासातून खाली घालून आवळायचे. या गाठीचा फेर कितीही ओढला तरी आवळत नाही आणि काम झाल्यावर सहज सुटतो. प्रथम पाहून, मग डोळे मिटून, मग दोरी व हात ओले करून बांधावी. डोळे मिटून दहापैकी दहा वेळा बसली की मला पुन्हा पत्र पाठवावे. भोपाळच्या प्रशिक्षणाविषयीची सविस्तर माहिती मी तेव्हा कळवीन.